आधी पत्ता, मग शुद्धलेखन

प्राथमिक शाळेत लेखनाविषयी एक मत इतके खोल रुजले आहे की त्याला दुसरी बाजू असू शकते हेही कुणाच्या ध्यानात येत नाही. ते मत असे : मुलाने आधी अक्षर वळणदार काढावे. मग काना, मात्रा, वेलांटी, रफार चुकू नये. मग फळ्यावरचे आणि पुस्तकातले उतरवून घ्यावे, शुद्धलेखनाची वही भरावी. हे सारे अंगवळणी पडले की चौथी-पाचवीच्या पुढे मनातले लिहायला मूल मोकळे. छत्रपती संभाजीनगर शहरातल्या पालकसभेत हे ऐकू येते, तसेच कन्नड-सोयगावकडच्या दोनशिक्षकी शाळेतही. म्हणून पहिली-दुसरी-तिसरीच्या मुलांनी दुसऱ्या गावच्या शाळेतल्या मुलांना पत्रे लिहावीत, त्यांची उत्तरे यावीत, वर्षभर ही देवाणघेवाण चालावी, असे कुणी सुचवले की लगेच प्रश्न येतो : “अजून जोडाक्षरं येत नाहीत, पत्रं कसली लिहितायत?”

मला या प्रश्नामागच्या समजुतीचे खंडन करायचे आहे. पण पूर्वपक्ष दुबळा करून मग तो पाडणे हा खंडनाचा रिवाज नव्हे, म्हणून आधी त्यातले खरे मान्य करतो. अक्षर हाताला बसले नसेल तर मुलाचे सगळे लक्ष अक्षर काढण्यातच जाते आणि काय सांगायचे होते ते मध्येच निसटते. अमेरिकेतले स्टीव्ह ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक वर्गांतल्या लेखन-अध्यापनावरील प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. हस्ताक्षर आणि वर्णलेखन नीट शिकवल्याने मुलांचे लेखन सुधारते, असेच त्यात दिसले. लिहिण्यासाठी जास्त वेळ दिल्यानेही ते सुधारते, असेही दिसले. सुटे व्याकरण शिकवल्याचा लेखनाला उपयोग झाल्याचे मात्र आढळले नाही. तेव्हा अक्षर गिरवून घेऊ नका, असे माझे म्हणणे नाही. वाद आहे तो ‘आधी’ या अटीबद्दल. एक पुरे झाल्याशिवाय दुसरे सुरू करायचे नाही, ही जी शिडी आपण उभी केली आहे, तिला कुठलाच आधार नाही.

शिडीच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो आणि तो वजनदार आहे. बोलणे मूल आपोआप शिकते, लिहिणे तसे येत नाही, ते शिकवावेच लागते. म्हणून ते पायरीपायरीने शिकवावे. यातला पहिला भाग खरा आहे. पण लिहिणे आपोआप का येत नाही, हा प्रश्न पुढे कुणी विचारत नाही. लेव्ह वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३४ च्या ‘विचार आणि भाषा’ या ग्रंथात त्याचा विचार केला आहे. त्याच्या मांडणीनुसार लेखन म्हणजे समोर ऐकणारा नसलेले बोलणे. बोलताना समोरचा माणूस विचारतो, मान हलवतो, ‘मग?’ म्हणतो आणि त्याच्या ओढीने आपले पुढचे वाक्य येते. कागदासमोर बसलेल्या मुलाला ही ओढ कुणाचीच नसते. शाळेत लिहायला शिकायला लागते तेव्हा लिहिण्याची गरजच त्याला फारशी जाणवत नाही. हे निदान बरोबर असेल, आणि मला ते बरोबर वाटते, तर उपाय उघड आहे : मुलाला ऐकणारा मिळवून द्यायचा. अनुलेखनाच्या वहीत ऐकणारा नाही. पत्रात तो आहे. त्याला नाव आहे, गाव आहे आणि तो उत्तर देणार आहे.

आपल्या वर्गांत प्रत्यक्ष काय घडते? शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये मराठी आणि कन्नड वाचन-लेखन मुले कशी शिकतात याचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांना दिसले ते आपल्यापैकी कुणालाही नवे वाटणार नाही : वर्गातले ‘लेखन’ बहुतांशी फळ्यावरचे किंवा पुस्तकातले उतरवणे असते, स्वतः काही रचून लिहिण्याची संधी मुलांना क्वचित मिळते. मी याचा दोष शिक्षकांना देत नाही. भरलेली वही दाखवता येते. भेटीला आलेला अधिकारी ती चाळतो, पालक ती चाळतात, प्रत्येक पानाखाली सही आणि तारीख असते. मुलाने मनातले लिहिलेल्या दोन वाकड्यातिकड्या ओळी मात्र कुणाला दाखवायच्या म्हटले की शिक्षकालाच धास्ती वाटते. त्यात मोजमापही असे की ‘असर’सारख्या शैक्षणिक सर्वेक्षणाची नेहमीची चाचणी वाचन आणि गणित तपासते, मुलाला स्वतःचे काही लिहिता येते का ते नाही. जे कुणी मोजत नाही, ते वेळापत्रकात मागे पडणारच.

आता इतिहासाकडे वळतो. आधी भाषा पक्की व्हावी, मग लिहावे, ही अट आपल्या परंपरेने पाळली होती काय? १८५५ सालच्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात दोन भागांत एक निबंध छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. लेखिका मुक्ता साळवे, वय १४, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेची विद्यार्थिनी. शाळेत येऊन तिला जेमतेम ३ वर्षे झाली होती. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर पोचू दिले गेले नव्हते, त्या घरातली ही मुलगी. आजचे कोष्टक लावले तर तिसरीच्या मुलीला ‘माझी शाळा’ या विषयावर पाच ओळी येतात की नाही ते आपण पाहतो. मुक्ताने धर्मग्रंथ कुणासाठी आहेत असा प्रश्न केला, आपल्या माणसांवर झालेले अत्याचार सांगितले, आणि पंडितांना थेट हाक मारून ऐकायला लावले. तो निबंध होता, पत्र नव्हते, हे खरे. पण पत्राचे मर्म त्यात ओळीओळीत आहे. आपण कुणाशी बोलतो आहोत हे तिला पक्के ठाऊक होते, आणि जे सांगायचे ते तिच्याखेरीज दुसरे कुणी सांगणार नाही हेही. तिचे व्याकरण निर्दोष होईपर्यंत फुले दांपत्याने तिला थांबवले असते तर मराठीतल्या या पहिल्या दलित स्त्री-लेखनाला आपण मुकलो असतो.

शुद्धतेबद्दलही दोन गोष्टी सांगायला हव्यात. मराठ्यांचा राज्यकारभार पत्रांवर चालला, आणि ती पत्रे मोडीत होती. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. इकाराला एक खूण, उकाराला एक. शब्दांमध्ये जागा सोडण्याचीही रीत नाही. पेशवे दफ्तरातले लक्षावधी कागद असे लिहिलेले आहेत, आणि त्यांवर मोहिमा निघाल्या, तह झाले, वसूल गोळा झाला. आज ज्या नियमांवरून दुसरीच्या मुलाची वही लाल होते, ते मराठी साहित्य महामंडळाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. तेव्हा ते १४ होते, १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. प्रमाणलेखनाला माझा विरोध नाही. छापील मराठीला एकसारखेपणा हवा, आणि मुलाला तो एक दिवस आलाच पाहिजे. पण तो शिकायला वर्षे लागतात, पदवीधरांनाही तो पुरता येत नाही, आणि तो आल्याशिवाय माणूस लिहू शकत नाही हे म्हणणे आपल्याच इतिहासाला धरून नाही.

दुसरी गोष्ट चुकांच्या स्वरूपाची. मुले ‘आणि’ हा शब्द हमखास ‘आणी’ असा लिहितात. नियम काय सांगतो? मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार, उकार दीर्घ लिहावा; ‘आणि’ आणि ‘नि’ हे त्याला अपवाद. म्हणजे ‘आणी’ लिहिणाऱ्या मुलाने नियम ओळखला आहे, अपवाद तेवढा त्याला कुणी सांगितलेला नाही. चार्ल्स रीड या भाषाभ्यासकाने १९७१ मध्ये शाळेत जाण्याआधीच्या इंग्रजीभाषक मुलांचे स्वतः जुळवलेले वर्णलेखन तपासले, तेव्हा त्यालाही चुकांमागे आवाजांची बारकाईने केलेली वर्गवारी दिसली होती. मूल लिहिते तेव्हाच त्याच्या डोक्यातला हा हिशेब शिक्षकाला वाचता येतो. उतरवून काढलेल्या पानावर चूक नसते, त्यामुळे मुलाला काय कळले आहे तेही त्यावरून कळत नाही.

“पण पत्रलेखन अभ्यासक्रमात आहेच की,” असे काही जण म्हणतात. आहे. माध्यमिक वर्गांत मागणी पत्र, विनंती पत्र, अभिनंदन पत्र. मायना, विषय, दिनांक, समारोप, प्रत्येकाला गुण. ग्रंथभांडाराकडे पुस्तकांची मागणी करणारे पत्र मूल लिहिते, पण ग्रंथभांडारापर्यंत ते जात नाही. ते परीक्षकाकडे जाते आणि त्याला उत्तर म्हणून आकडा येतो. या सरावाचा पुढे अर्ज लिहायला उपयोग होत असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याला पत्र म्हणायचे तर चांगदेवाच्या पत्राला काय म्हणायचे? आपेगाव आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच, पैठण तालुक्यात. ज्ञानदेवांचे जन्मगाव म्हणून आपण ते सांगतो. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसलेला चांगदेव मायन्याशीच अडला, ही आख्यायिका घरोघर ठाऊक आहे. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की अधिकाराने मोठे म्हणून नमस्कार लिहावा, हे ठरेना. त्याने कोराच कागद धाडला. पलीकडून मायन्याचे गुण कापले गेले नाहीत. कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर आले. चांगदेव पुढे काय झाला ते त्या उत्तरामुळे झाला.

उत्तर हाच या साऱ्याचा गाभा आहे आणि नेमका तोच आपल्या उपक्रमांतून गळतो. १ ते २० डिसेंबर २०२१ या काळात, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त, देशभरातल्या चौथी ते बारावीच्या मुलांनी ७५ लाख पोस्टकार्डे पंतप्रधानांना लिहावीत अशी मोहीम झाली. विषय ठरलेले : स्वातंत्र्यलढ्यातले अप्रकाशित वीर, आणि २०४७ मधला भारत. टपाल खात्याची ‘ढाई आखर’ स्पर्धा २०१७ पासून चालते, तिलाही दिलेला विषय असतो आणि मोठी बक्षिसे असतात. मुलांनी पोस्टकार्ड हातात घेतले, पत्ता लिहिला, पेटीत टाकले, एवढे या उपक्रमांनी नक्की साधले. पण विषय मोठ्यांचा, वाचणारे मोठे आणि परत येणारे पत्र नाही. लहान मुलाच्या मनात लिहिण्याची गोडी उतरायची तर हे तिन्ही उलटायला हवे. आपल्या पत्रपरंपरेतही मोठ्यांनीच बोलण्याचा हा कल दिसतोच. साने गुरुजींनी पुतणी सुधाला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ आपण प्रेमाने वाचतो. नेहरूंनी १९२८ च्या उन्हाळ्यात १० वर्षांच्या इंदिरेला लिहिलेली पत्रे पुस्तकरूपाने जगभर गेली. दोन्ही पुस्तके थोर आहेत. पण दोन्हींत आपल्याला मोठ्यांचाच आवाज भेटतो. मुलाने मुलाला लिहिलेले पत्र जपून ठेवण्याजोगे असते, हे आपल्याला अजून पटायचे आहे.

ते ज्याला पटले असा एक खेड्यातला शिक्षक होऊन गेला. सेलेस्टँ फ्रेने, जन्म १८९६. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जबर जखम झाली, फार वेळ बोलणे जमेना. १९२० मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या बार-सुर-लू या डोंगरी गावातल्या शाळेत तो शिक्षक म्हणून आला. मुलांना व्याख्यान देणे शक्य नव्हते आणि ते त्याला पटतही नव्हते. त्याने वर्गात छोटे छापयंत्र आणले. मुले आपापला मजकूर लिहीत, वर्गापुढे वाचत. त्यातला एक सगळ्यांनी मिळून निवडायचा, सगळ्यांनी मिळून दुरुस्त करायचा आणि मुलांनीच खिळे जुळवून छापायचा. छापलेली पाने जात कुठे? देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या त्रेगंक गावात रने दान्येल या शिक्षकाच्या वर्गाकडे. तिकडून त्या मुलांची पाने येत.

यातली मधली पायरी नीट पाहावी असे माझे सांगणे आहे, कारण आपल्या वादाचा निकाल तिथे लागतो. मजकूर दुरुस्त होत होता, काटेकोरपणे होत होता. पण तो दुरुस्त करायचा कारण पलीकडच्या मुलांना कळला पाहिजे. शुद्धतेला कारण मिळाले होते. शिक्षक रागावेल हे त्या मानाने फार तोकडे कारण आहे.

आपल्या मातीत हे कसे दिसेल? समजा, पैठण तालुक्यात नाथसागराच्या काठच्या शाळेतला दुसरीचा वर्ग आणि सोयगाव तालुक्यात अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरकडचा दुसरीचा वर्ग एकमेकांशी जोडले. एकाच जिल्ह्यातली दोन टोके. पैठणकडचा मुलगा लिहितो, ‘आमचा बल पळाला.’ त्याला बैल म्हणायचे आहे, मात्रा राहून गेल्या. शुद्धलेखनाच्या वहीत या शब्दावर लाल गोल पडला असता, मुलाने तो पाच वेळा लिहिला असता आणि विसरला असता. इथे आठवड्याने सोयगावकडून प्रश्न येतो : ‘बल मंजे काय? बल्ब का?’ आता त्या मुलाला मात्रांची गरज स्वतःची म्हणून कळते. तो घाईने दुसरे पत्र लिहितो, बैलाचे चित्र काढून दाखवतो, त्याखाली ‘बैल’ लिहून मात्रा ठसठशीत देतो. आणि त्याने दुसऱ्याच्या ‘मंजे’वर हरकत घेतली तर तेही चांगलेच.

बोलीचेही तसेच. मराठवाड्याचे मूल ‘काय करायलास?’ असे विचारते. सोयगावकडच्या बोलीवर खानदेशाची छाया आहे. वर्गात ही रूपे चूक ठरतात. पत्रात ती कुतूहलाचा विषय होतात, मूल विचारते की तुमच्याकडे याला काय म्हणतात. धरणाचे दरवाजे उघडतात तेव्हा काय होते, हे एकाला रोजचे असते आणि दुसऱ्याला ती बातमी असते. लेणी पाहायला परदेशी पाहुणे येतात, ते काय विचारतात, याचे उलट. सांगण्यासारखे माझ्याकडे काहीतरी आहे, हा विश्वास मुलाला निबंधाच्या विषयातून येत नाही.

राहिला अवघड अक्षरांचा धाक. त्याबद्दल आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण मला बोलके वाटते. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवरच्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेतली मुले जपानी शिकू लागली, ही बातमी २०२० मध्ये देशभर गेली. कोणती परदेशी भाषा शिकायला आवडेल, असे विचारल्यावर बऱ्याच मुलांनी रोबोटिक्सच्या ओढीने जपानी निवडली होती. जपानीला तीन लिप्या आहेत, त्यातली एक हजारो चिन्हांची. खेड्यातली मुले अवघड अक्षराला भितात, असे म्हणणाऱ्यांनी या शाळेची आठवण ठेवावी. काम आपले वाटले की मूल अक्षराचे कष्ट आनंदाने घेते.

मोबाईलच्या काळात पत्र कशाला, हा आक्षेप मी शेवटी घेतो कारण तो सर्वांत हलका आहे. टपालाचे पुनरुज्जीवन हा इथे हेतूच नाही. फोनवर मूल बोलते, आवाज पाठवते, चित्र पाठवते, लिहीत नाही. शिवाय समोरच्याने लगेच ‘काय?’ विचारले की अर्धे वाक्य पुरते. पत्रात पुरत नाही. दुसऱ्या गावातल्या, कधी न पाहिलेल्या मुलाला कळेल इतके पुरे वाक्य करावे लागते, आणि लेखन शिकणे म्हणजे मुख्यतः हेच. टपालावर भरवसा नसेल तर पत्रांचा गठ्ठा शिक्षकाने हाताने न्यावा. भरवसा असेल तर पोस्टकार्ड अजून ५० पैशांना मिळते; ३० मुलांच्या वर्गाला १५ रुपये. आंतरदेशीय पत्र अडीच रुपयांचे. खर्चाची सबब टिकत नाही.

काही बाबतींत मात्र हयगय चालणार नाही. पत्रे शाळेच्या पत्त्यावरच जावीत. मुलाचे पहिले नाव पुरे, घरचा पत्ता आणि फोन नंबर पत्रात नको. पाठवण्याआधी शिक्षकाने प्रत्येक पत्र वाचावे, पण त्यावर लाल पेन चालवू नये. कळणार नाही असे वाटले तर मुलाला विचारावे, आणि त्याला वाटले तर त्याने पुन्हा लिहावे. पहिलीच्या मुलाने चित्र काढून खाली एक शब्द लिहिला तरी ते पत्रच. हवे तर चौथीच्या ताईने त्याचे सांगणे उतरवून घ्यावे. सगळ्यांत महत्त्वाचे, एकही मूल उत्तरावाचून राहता कामा नये. एका वर्गाचा पट २८ आणि दुसऱ्याचा ४१ असेल तर काही मुलांनी दोन पत्रे लिहावीत, नाहीतर शिक्षकांनी स्वतः लिहावे. सगळ्यांची पत्रे आली आणि एकाचेच आले नाही, तर ते मूल पुन्हा लिहिणार नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला आई-बापांबरोबर गेलेल्या मुलाचे पत्र आले तर ते जपून ठेवावे, आणि तो आहे त्या ठिकाणची शाळा कळत असेल तर तिकडे पाठवावे.

शुद्धलेखनाचा तास बंद करा, असे मी कुठेही म्हटलेले नाही. तो राहू द्या, अक्षरही गिरवून घ्या, पण त्याच आठवड्यात एक तास पत्रांना द्या, आणि तो चौथीपासून न देता पहिलीपासून द्या. केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत जे शिक्षक भेटतील, त्यांतल्या दोघांनी आपापल्या वर्गातल्या मुलांच्या पहिल्या नावांची यादी एकमेकांच्या हातात द्यावी. त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.